बासचं पिक आणि माझं अर्धं बोट

पिक हातात फिरतं. माझी तक्रार एवढीच आहे. पण ती सांगायला गेलो की समोरचा विचारतो, फिरतं म्हणजे काय. मग मला उजवा हात पुढे करावा लागतो, आणि हात दिसला की पिक राहतं बाजूला आणि बोटाची चौकशी सुरू होते. कसं झालं, कधी झालं, कंपनीने काय केलं. म्हणून आधी बोटाचंच सांगून टाकतो.

चाकणला एका कंपनीत मी प्रेस शॉपला होतो. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग दाबून काढायचं काम. सतरा वर्षं केलं. एका सकाळी, पहिल्या शिफ्टला, डायच्या साच्यात अडकलेला तुकडा काढताना उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर गेलं. मधलं बोट वाचलं, पण ते आता वरच्या सांध्यात वाकत नाही. चूक कोणाची यावर बरेच कागद झाले, ते मी वाचले नाहीत. शॉपच्या दाराशी ‘अपघाताविना किती दिवस’ असा फलक असतो, ठरलेला आकडा गाठला की सगळ्यांना मिठाई. मी परत कामावर गेलो तेव्हा त्याच्यावर बरोबर माझ्या रजेचे दिवस होते. लाइनवरची माणसं गमतीने म्हणाली, राव, आमची मिठाई घालवली तुम्ही. मीही हसलो. खरं म्हणजे राग आला होता, पण हसलो.

दोन महिन्यांनी मला क्वालिटीच्या टेबलावर बसवलं. मायक्रोमीटर घेऊन तयार भागांची जाडी मोजायची, मास्टर सॅम्पलशी ताडून बघायची आणि ओके किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचा. काम वाईट नाही. बसून असतं. पण कंपनीत गेलेल्या बोटाची खरी किंमत मला कळली ती काळेवाडीत.

काळेवाडीत आमचा गाण्यांचा ग्रुप आहे. मी आता रहाटणीत राहतो, पण लहानपण काळेवाडीतलं. विहाराच्या मागे एक पत्र्याच्या छताची खोली आहे, तिथे आमची प्रॅक्टिस चालते. जयंतीचे दिवस म्हणजे आमचा सीझन, आणि मधेअधे लग्नं, सोसायट्यांचे कार्यक्रम. काड्यांनी ऑक्टापॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवणारा माझा शाळेपासूनचा दोस्त, ग्रुप त्यानेच उभा केला. तो भोसरीत कंपनीत आहे. एक गाणारी ताई, एक गाणारा, एक ढोलकीवाला, एक कीबोर्डवाला आणि बास गिटारवर मी. गेली पंधरा वर्षं मीच.

बास गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिच्यावर गाण्याची चाल वाजत नाही, गाण्याच्या खालची जमीन वाजते. ऐकणाऱ्याला ती वेगळी ऐकू येत नाही, पण बंद झाली तर कुठेतरी काहीतरी सुटलं असं त्याला वाटतं. ती दोन बोटांनी वाजवतात, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, एकाआड एक, पायऱ्या चढल्यासारखं. माझं एक बोट आखूड झालेलं आणि दुसरं ताठ. तिसऱ्या बोटाने वाजवून बघितलं, त्याला जोर नाही. मग उरलं पिक.

पिक म्हणजे तार छेडायची प्लास्टिकची छोटी चकती. ती अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत धरतात. बोटाचं टोक तिला मागून रेटा देतं म्हणून ती जागेवर राहते. माझ्या बोटाला टोकच नाही. मग ती अंगठ्याखाली हळूहळू वळते, दोन ओळींत आडवी होते आणि तिसऱ्या ओळीला मी टोकाऐवजी तिच्या खांद्याने तार ओढत असतो. मी म्हणतो ते फिरणं म्हणजे हे.

यात रडण्यासारखं काही नाही, हे मला कळतं. माझ्या ओळखीत चार बोटं गेलेली माणसं आहेत आणि ती टपऱ्या चालवतात, टेम्पो चालवतात. पण मला वाजवायचं होतं. ग्रुपमध्ये राहायचं होतं आणि तेही बासवाला म्हणून. कीबोर्डवाला तिशीतला, मोशीत राहणारा, आयटीत नोकरी करणारा, अतिशय गुणी माणूस. आजकालच्या कीबोर्डवर डाव्या हाताने बास वाजवता येतो आणि तो साधाच नाही तर चांगला वाजतो. आजूबाजूच्या कितीतरी ग्रुपांनी बास गिटारवाला कमी केला. आमच्यात हा विषय कुणी काढला नाही. बोट गेल्यावर तर मुद्दाम काढला नाही. त्यामुळेच तो माझ्या डोक्यातून जाईना.

चिंचवडला वाद्यांचं एक जुनं दुकान आहे. दुकानदार सत्तरीचा. बाससाठी पिक द्या म्हटल्यावर त्याने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, बास बोटांनी वाजवतात साहेब. मी हात काउंटरवर ठेवला. त्याने मान हलवली आणि पुढे काही न विचारता एक डबाच पुढे सरकवला. दुकानदार असावा तर असा. डब्यात सगळ्या जातीची पिकं होती, पातळ, जाड, खरबरीत, गुळगुळीत, लहान, मोठी. सतारवाले वापरतात ती तारेची नखीही त्याने दाखवली, बोटात घालायची. पण ती घालायला बोटाचं टोक लागतं. तो स्वतःच ओशाळला आणि नखी परत ठेवली. मी एकेका जातीचं एकेक असं सगळं घेऊन आलो.

इथे माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला, आणि तिथेच माझं चुकलं. पण ते पुढे येईल.

मी वही केली. पिकाची जाडी, पिक कशाचं, किती ओळींनी फिरतं, आवाज कसा. जाडी छापलेली असते, तरी मी ती मोजली, आणि छापलेली आणि मोजलेली कधी जुळली नाही याचाही मला राग आला. अर्ध्या एमएमचं पिक बासच्या तारेवर कागदासारखं फडफडायचं. पाऊण एमएमचं बरं, पण ओढलं की वाकायचं आणि आवाज उशिरा निघायचा. एक एमएमपासून पुढे ताकद यायची, पण त्याबरोबर टिकटिक यायची. पिक तारेवर आपटल्याचा तो कोरडा आवाज माझ्या डोक्यात जातो. बोटाने वाजवलेला सूर गोल असतो, त्याला सुरुवात कळत नाही. पिकाच्या सुराला आधी खडा लागतो. तीन एमएमचं एक होतं, बटणासारखं जाड. ते फिरायचं कमी, पण हातातून निसटून थेट सोफ्याखाली जायचं.

बायको महापालिकेच्या शाळेत शिकवते. संध्याकाळी ती वह्या तपासत बसायची आणि मी समोर टिकटिक करत. तिने कधी बंद करा म्हटलं नाही. फक्त एक दिवस म्हणाली, "आज घड्याळ जरा कमी वाजलं." मला वाटलं प्रगती आहे. नंतर कळलं की ती त्या दिवशी मधेच भाजी आणायला गेली होती.

लोकर दाबून केलेल्या नमद्याचंही पिक मिळतं. टिकटिक अजिबात नाही, सूर गोल. मी खूश झालो आणि आठवडाभर सगळ्यांना तेच सांगत सुटलो. पण नमदा तारेवर घासून झिजतो. गिटारवर, पँटवर, चहात, सगळीकडे पांढरे तंतू. आणि नमदा मऊ, चिमटीत दाबला की दुमडतो. एका प्रॅक्टिसमध्ये त्याचं टोकच तारेत अडकून राहिलं. दोस्ताने ऑक्टापॅडवरून बघितलं आणि म्हणाला, चांगलं वाजतंय राव. मी म्हटलं, काय चांगलं वाजतंय, पिक तारेत लटकलंय. तो म्हणाला, असू दे, जमतंय तुला.

मग मी स्वतःच पिकं बनवायला घेतली. आमच्या पट्ट्यात हे कुणालाही सुचलं असतं. जिथे दिवसभर नायलॉनच्या पट्ट्या आणि प्लास्टिकच्या शीट कापल्या जातात, तिथे तीन कोपऱ्यांची चकती काय, कुणीही कापून देतो. टूल रूममधल्या मित्राने स्क्रॅपमधून चार जाडीच्या दिल्या. संध्याकाळी गेटवर झडतीत त्या खिशात सापडल्या. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, हे काय. मी म्हटलं, पिक. त्याने आयुष्यात हा शब्द ऐकला नव्हता. त्याने सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरने मला विचारलं आणि मी दोघांना गेटवर उभं राहून, हवेत गिटार धरून, पिक म्हणजे काय ते दाखवलं. मागे सगळी शिफ्ट बसमध्ये बसून बघत होती. चकत्या जप्त झाल्या. 

मग घरच्या वस्तूंवर आलो. जुनं सिमकार्ड, श्रीखंडाच्या डब्याचं झाकण, मुदत संपलेला माझा गेटपास. गेटपासचं पिक सगळ्यात बरं झालं, फक्त त्यावर माझा अर्धा चेहरा आला. फीलर गेज म्हणून एक हत्यार असतं, फटी मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा. अमुक जाडीच बरोबर आहे हे ठरवायला मी त्यातली एक पट्टी पिक म्हणून वापरून बघितली. तारेवरचं वेटोळं खरवडलं गेलं आणि अंगठाही कापला. बायकोने पट्टी बांधताना विचारलं, की आता या हाताचं आणखी एक बोट कमी करायचंय का. तिचा आवाज तापला होता, आणि तिचं बरोबर होतं. मी उत्तर दिलं नाही, कारण माझा राग हातावर होता आणि उत्तर दिलं असतं तर तो तिच्यावर निघाला असता.

कंपनीच्या बसने चाकणहून घरी यायला कधी तास लागतो, कधी दोन. मोशीला गाडी अडकली की मी बॅगेच्या पट्ट्यावर पिक चालवत बसायचो, वरखाली, वरखाली. शेजारचे झोपलेले असायचे. गाडी हलत नाही आणि पिक थांबत नाही, असा सगळा प्रकार. पिक फिरलं की थांबायचं, अंगठ्याने सरळ करायचं, पुन्हा सुरू. काही दिवस असे गेले की वाटायचं, सोडून द्यावं. गिटार विकावी आणि कार्यक्रमांना पुढच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवाव्यात. पण टाळीही माझी आता पूर्वीसारखी वाजत नाही.

शेवटी एक जमलं. मोठ्या आकाराचं, तिन्ही बाजू सारख्या असलेलं पिक, सव्वा एमएमच्या जरा आत. त्याच्या मागच्या अंगाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, आखूड बोट बसेल तेवढा खळगा ठेवून. ते फिरायचं, पण दोन ओळींऐवजी पाच-सहा ओळींनी. टिकटिक मात्र होतीच.

तेच घेऊन मी मोशीला एका नव्या सोसायटीच्या कार्यक्रमाला गेलो. तिथे चमत्कार झाला. स्टेजवर पुढ्यात आपल्याकडे तोंड करून जो छोटा स्पीकर ठेवतात, त्यातून माझा बास आला तो गोल, भरीव, टिकटिक अजिबात नाही. बोटं होती तेव्हाही इतका स्वच्छ वाजला नसेल. दुसऱ्या गाण्यात एका जागी माझा सूर चुकला, पण बाहेर बरोबर आला. मला वाटलं, गोंगाटात माझाच कान चुकला असेल. घरी येऊन वहीत त्या पिकापुढे मी मोठ्या अक्षरांत ओके लिहिलं.

कंपनीत मास्टर सॅम्पल एकदा सहीशिक्क्यानिशी पास झालं की त्याला कुणी हात लावत नाही. पुढचा सगळा माल त्याच्याशी ताडायचा. माल जुळला नाही तर मालात खोट, मशीनमध्ये खोट, मोजणाऱ्यात खोट, पण सॅम्पलमध्ये नाही. मी तेच केलं. त्या पिकाच्या बरहुकूम आणखी आठ पिकं बनवली. प्रॅक्टिसला खोलीत ती टिकटिकायची. मी पत्र्याच्या छताला दोष दिला, माझ्या छोट्या ॲम्प्लिफायरला दोष दिला, तारा बदलल्या. पिकाला दोष दिला नाही. पिक तर मोशीला पास झालेलं. दोस्त म्हणायचा, चांगलं वाजतंय. मी म्हणायचो, इथे नाही वाजत, बाहेर बघ कसं वाजतं. तो ऑक्टापॅडवरच्या वायरी बघत राहायचा.

मोशीनंतर आणखी एक कार्यक्रम झाला. तोही असाच मस्त गेला. मग आला जयंतीचा.

काळेवाडीतला कार्यक्रम म्हणजे आमच्या घरचा. संध्याकाळी सहाला सुरुवात होती. समोर सगळी ओळखीची माणसं, पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, पुढे सतरंजीवर मुलं. बायको तिसऱ्या रांगेत, माझी आई तिच्या शेजारी. दुपारी साउंडवाल्याने एकेकाचा आवाज तपासला, माझी तार छेडायला लावली, ती मोठ्या स्पीकरमधून धडधडली आणि तो म्हणाला, ओके, झालं. त्या वेळी थोडी टिकटिक होती, मला आठवतंय. पण पहिलं गाणं सुरू झालं आणि ती गेली. सूर पुन्हा तसाच, मोशीसारखा. मी इतका आनंदात होतो की आईकडे बघून हसलो. गेले कित्येक महिने मी वाजवताना हसलो नव्हतो.

तिसरं गाणं जलद होतं. हाताला घाम आला. मुखड्यावर येताना पिक फिरलं, आडवं झालं, सुटलं आणि समोरच्या स्पीकरवर आपटून खाली पडलं.

बास वाजतच होता.

मी हाताकडे बघितलं. हात तारेपासून वीतभर दूर, रिकामा. बास वाजत होता. अख्खी ओळ गेली, दुसरी गेली. मग मी वळून बघितलं. कीबोर्डवाल्याचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर चालत होता, माझीच जागा, माझेच सूर, एकही न चुकता. त्याने मला बघताना बघितलं आणि मान खाली घातली. साउंडवाला मिक्सरवर वाकला होता, वर बघायलाच तयार नाही. दोस्त सरळ समोर बघून वाजवत होता.

त्या क्षणी मी गिटार उतरवून खाली का उतरलो नाही, हे मी स्वतःला नंतर बऱ्याचदा विचारलं. समोर आई होती म्हणून असेल. मी वाकून पिक उचललं, नीट धरलं आणि वाजवायला लागलो. अजून पाच गाणी बाकी होती. पाचही वाजवली, एकही गाळलं नाही. माझी लाइन मिक्सरवरच बंद होती, माझा एकही सूर बाहेर गेला नाही. लोक टाळ्या वाजवत होते, बायकोही वाजवत होती. इतकी लाज मला प्रेसमध्ये बोट गेलं तेव्हाही वाटली नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर दोस्त वायरी गुंडाळत होता, तिथे गेलो. विचारलं, "कधीपासून?"

त्याने वायरीचा एक वेढा घेतला, दुसरा घेतला. "मोशीपासून," तो म्हणाला.

म्हणजे मी ओके लिहिलेलं पिक स्टेजवर मी कधी ऐकलंच नव्हतं. मी कीबोर्डला पास केलं होतं आणि त्याच्या मापाने आठ पिकं कापली होती. मला सांगायचं होतंस, असं मी म्हणालो. तो म्हणाला, कसं सांगणार, तू इतकी मेहनत घेत होतास. मी म्हणालो, मेहनत कशासाठी घेत होतो मग. आवाज चढला तशी ढोलकीवाल्याने खुर्च्या उचलायचं निमित्त काढलं.

दोस्त जवळ आला आणि हळू बोलला. "हे बघ भावा, कंपनीत कसं असतं? माणसाचं काही झालं की त्याला लाइट ड्यूटी देतात. घरी नाही बसवत. नाव पटावर राहतं, माणूस लोकांत राहतो. मी तेवढंच केलं. तू स्टेजवर उभा असावास, बस."

त्याने हे प्रेमाने केलं, यात मला त्या वेळीही शंका नव्हती. हाच तर त्रास होता. त्याच्या कंपनीत जे माणुसकीचं समजतात ते त्याने आमच्या खोलीत आणलं, आणि लाइट ड्यूटीवरच्या माणसाला काय वाटतं हे त्याने कधी कुणाला विचारलेलं नाही. मला माहीत आहे. टेबलावरची खुर्ची मिळायच्या आधी दोन महिने मी रजिस्टर घेऊन स्टोअरच्या दारात बसलो होतो. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, लिहायचं. ते रजिस्टर कुणी वाचत नव्हतं. एक दिवस मी सगळी नावं उलट्या क्रमाने लिहिली, तरी काही झालं नाही. येणारे-जाणारे मला बरं आहे ना विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे.

हे सगळं मी त्याला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, की गुरुवारी प्रॅक्टिसला येतो, आणि गिटार पाठीला लावून घरी आलो. बायकोने विचारलं, आज किती छान वाजलं, मग तोंड का असं. मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली की तिला आवाज ओळखू यायला हवा होता, इतके महिने समोर बसून ऐकलाय. तिच्या डोळ्यात पाणी आलं. मला त्याचाही राग आला.

गुरुवारी खोलीत गेलो तेव्हा सगळे आधीच आले होते. कीबोर्डवाला उठून उभा राहिला. "दादा, सॉरी," म्हणाला. त्याला म्हटलं, तुझं काही चुकलेलं नाही, तू चांगलाच वाजवतोस, पण आज डावा हात मांडीवर ठेव. दोस्ताला म्हटलं, तेच गाणं घे, जलद. आणि सगळ्यांना म्हटलं की आज मला कुणी चांगलं वाजतंय म्हणायचं नाही. जे ऐकू येईल ते सांगायचं. खराब वाजलं आणि कायमच खराब वाजलं तर मी स्वतः गिटार ठेवीन, पण ते मला ऐकून ठरवू द्या.

दोस्ताने काड्यांवर चार मोजले. आम्ही सुरू केलं. पत्र्याखाली टिकटिक लख्ख ऐकू येत होती. पहिलं कडवं पार पडलं. मुखड्यावर परत येताना पिक फिरलं, मी तालात उशिरा पडलो, सावरलो, पुढच्या मुखड्याला पुन्हा तेच. कुणी थांबलं नाही. गाणारी ताई माझ्याकडे बघायचं टाळत गात राहिली. मला वाटलं, झालं, हे सगळं गाणं असंच जाणार आणि शेवटी कुणीतरी मान हलवणार.

ऑक्टापॅड मधेच बंद पडला. दोस्ताने काड्या मांडीवर ठेवल्या. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"बेकार वाजतंय," तो म्हणाला.

मी विचारलं, "कुठं?"

"सगळीकडंच. पण मुखड्यावर येताना जास्त. दर वेळी तिथं उशिरा पडतोयस."

मी म्हणालो, पिक फिरतं तिथे, सरळ करायला वेळ मिळत नाही.

"वेळ कसा नाही?" तो आता खरोखर चिडला होता. "ताई श्वास घेते तिथं अर्धी मात्रा मोकळी आहे तुला. तेव्हा सरळ करून घे. फिरायची वाट कशाला बघतोस?"

त्याने काडीने ती जागा वाजवून दाखवली. होती. अर्धी मात्रा, पूर्ण मोकळी, दर मुखड्याआधी. पंधरा वर्षं मी त्या जागेवरून वाजवत गेलो होतो आणि मला ती दिसली नव्हती, कारण बोटं होती तेव्हा तिची गरज पडली नव्हती. आणि बोट गेल्यापासून मला ती कुणी दाखवली नाही, कारण सगळे माझा हात बघत होते, वाजवणं कुणी ऐकत नव्हतं.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून घेतलं. ताईने श्वास घेतला, मी अंगठ्याने पिक सरळ केलं, आणि मुखड्यावर जरा लवकरच पडलो. दोस्ताने पुन्हा थांबवलं.

"अजून बेकारच आहे," तो म्हणाला. "परत."